लाल रंगाची चौकशी

खाण्यातला लाल रंग वाईट आहे, त्यावर बंदी येणार अशी बोलवा उठली आणि लोक घाबरले. रंग बनवणाऱ्या कंपनीने रंग होता तसाच ठेवला, लोकांच्या शंकांसाठी एक फोन तेवढा बसवला. फोनवर बसणाऱ्या बाईने आवाजात मध घालून एकच उत्तर द्यायचं, आणि काचेपलीकडे साहेबांनी कान लावून बसायचं. गेल्या आठवड्यात "नका देऊ" म्हणून गेलेल्या बाईला त्यांनी उभ्या उभ्या घरी पाठवलं होतं.

आज दुपारी तिच्या जागी बसलेल्या बाईचा फोन वाजला. पहिल्याच शब्दाला तिने ओळखलं, पलीकडे तिच्या सासूबाई होत्या. सासूबाईंना मात्र हा मधाळ आवाज ओळखू येणार कसा, घरात त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

"बाई, खाऊची लाल गोळी खाल्ली की नातीच्या अंगभर पित्त उठतं. मी म्हणते उन्हाचं असेल. सून म्हणते रंगाचंच आहे, गोळी बंद. मोठी डॉक्टरीण लागून गेलीय. म्हटलं, बनवणाऱ्यांनाच विचारावं. देऊ का?"

साहेबांनी मान वर केली.

"रंग अगदी सुरक्षित आहे, आजी. निर्धास्त द्या."

"तुमच्या पोरीला देता?"

"रोज देते," ती म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही.

 

फोन ठेवता ठेवता सासूबाईंनी घरात हाक मारली, "ये गं राणी, हात पुढे कर. कंपनीतली बाई हो म्हणाली, तुझ्या आईला काही कळत नाही."