पाठ टेकल्यावर

ज्ञानूनं शफीला पाचव्यांदा आस्मान दाखवलं आणि पाचव्यांदा हात देऊन उठवलं.

"धरलं नाहीस," पंच म्हणाले. "कुस्ती चालू."

भोरच्या तालमीत त्या दिवशी तांबड्या मातीवर पुण्याहून आणलेली गादी अंथरली होती. स्वातंत्र्य मिळून वर्षही झालं नव्हतं, आणि जगभरचे पैलवान लंडनला जमणार होते. इथं जो जिंकेल त्याचं नाव तिकडच्या यादीत जाणार होतं. विंझरच्या ज्ञानूला जायचं होतं. लई जायचं होतं. बोटीत भाकरी मिळते का, हेही त्यानं आईला विचारून ठेवलं होतं, जणू काही ती जाऊन आली होती.

पंचांनी नियम तीनदा समजावला. समोरच्याचे दोन्ही खांदे गादीला टेकवायचे आणि पंच मोजेपर्यंत दाबून धरायचे. "तिकडचे देश जिंकतात ते काय जास्त दूध पितात म्हणून नाही," ते म्हणाले. "सोडत नाहीत म्हणून."

नियम ज्ञानूला कळला होता, त्याच्या हातांना कळत नव्हता. वस्ताद गेनबांनी दहा वर्षं एकच घोकून घेतलं होतं. पाठ टेकली की कुस्ती संपली, पडलेल्याला दाबत बसणं पैलवानाला शोभत नाही. गेनबा कोपऱ्यात उभे होते.

"वस्ताद, धरू का?" ज्ञानूनं विचारलं.

"मला काय इचारतोस? सायबांना इचार," गेनबा म्हणाले आणि फेटा सोडून पुन्हा बांधू लागले.

सहाव्यांदाही तेच झालं. दोन मिनिटं उरली होती. निकाल लागला नाही तर दोघंही घरी जाणार होते.

सातव्यांदा शफी चांगलाच आपटला. ज्ञानूनं हात पुढं केला. शफीनं तो घेतला नाही.

"गड्या, आता मोजू दे की त्यांना," तो धापा टाकत म्हणाला. "आठव्यांदा पडायची ताकद न्हाई माझ्यात. पाया पडतो तुझ्या, दाबून धर."

ज्ञानूला गलबलून आलं. एवढं विनवल्यावर माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यानं शफीचे खांदे दुखणार नाहीत अशा बेतानं धरले आणि मोजून होईस्तोवर सोडले नाहीत.

पंच खूश झाले. 'नियम शिकला' असं लिहून त्यांनी नाव पुढं धाडलं.

लंडनला पडलेला पैलवान मराठीत विनवणी करणार नव्हता, हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.