सोबतीला आलेला

अकोल्याच्या गाडीत शालिकराम खिडकीशी बसला आणि बसल्याबसल्या त्यानं दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. ऊन रणरणत होतं, त्यामुळे कोणाला वावगं वाटलं नाही. शेजारी त्याचा मुलगा कुंदन, अकोट सुटायच्या आतच डोळे मिटून बसलेला.

शालिकराम अकोटच्या बाजारात हारफुलं विकायचा. देवळातला रोजचा हार त्याच्या हातचा. अशा माणसाच्या घरात दारू शिरली हे चार लोकांत कळलं, तर देवळाचा हार दुसरीकडे जायला वेळ लागणार नव्हता. पण हारापेक्षा मोठा घोर सुनेचा होता. दीपमाला लेकराला कडेवर घेऊन अंजनगावला माहेरी निघून गेली होती. या घरातून दारू जाईल तेव्हाच मी येईन, एवढंच बोलली. तिच्यामागं शालिकरामच्या बायकोनं, माणिकबाईनं, त्याला सुनावलं, की आता तरी हातपाय हलवा, नाहीतर नातवाचं तोंड दिसायचं नाही.

गावात विचारायची सोय नव्हती. दवाखान्याच्या भिंतीवर दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी एक फोन नंबर चिकटवलेला होता. थांबून वाचायची हिंमत कुठून आणायची? शालिकरामनं तो येताजाता थोडा थोडा पाठ केला आणि मळ्यात झेंडूच्या वाफ्यात उभं राहून फोन लावला. पलीकडचा माणूस गोड बोलला. अकोल्याला जुन्या शहरात एका शाळेच्या खोलीत दर रविवारी बैठक होते, पैसा लागत नाही, आडनाव सांगावं लागत नाही. मात्र पिणाऱ्यानं स्वतः यायचं. घरच्यांची बैठक वेगळी, बुधवारी.

"पितं कोण?" त्यानं विचारलं.

शालिकरामनं मळ्यात चौफेर नजर टाकली. "मीच," तो म्हणाला.

एकट्यानं जायचं म्हणजे पाय उचलेना. कुंदनला त्यानं सोबत चल म्हटलं. कुंदन आधी नाहीच म्हणाला.

"तुले काही बोला लागत नाही," शालिकराम म्हणाला. "मी बोलतो. तू नुसता बाजूले बस."

आई दारात उभी होती. कुंदननं खाली मान घालून चपला घातल्या.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून दोघं जुन्या शहरात शिरले. गल्लीला गल्ल्या फुटत होत्या, शाळा काही सापडेना. शेवटी शालिकरामनं एका पाठमोऱ्या माणसाला पत्ता विचारला. तो वळला आणि नशिबानं दावा साधला. तो देवीदास निघाला, अकोटच्या बाजारात शालिकरामच्या शेजारीच बसणारा. ज्याच्यापासून तोंड लपवावं तोच समोर.

देवीदासनं चौकशी केली आणि कुंदनला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तो पुढं काही विचारणार, तेवढ्यात शालिकराम बोलून गेला.

"दारू सोडाची हाय मले. त्याची बैठक असते म्हणतात अठी."

देवीदासचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "तुमाले, शालिकरामभाऊ?"

"मले."

देवीदासनं गल्ली दाखवली. संध्याकाळपर्यंत हे अख्ख्या अकोटला कळणार, यात शंका नव्हती.

"बाबा, कावून सांगतलं त्याले?" कुंदननं वाटेत विचारलं.

"विचारलं त्यानं," शालिकराम म्हणाला.

ताडाच्या झाडाखाली बसून दूध प्यायलं तरी लोक ताडीच म्हणतात. इथं तर मुद्दाम ताडाखालीच जाऊन बसायचं होतं. खोलीच्या दारात संघपाल नावाचा माणूस उभा होता, बैठक तोच चालवायचा. सोबतीच्या माणसाला आज बसता येत नाही, असं तो नरमाईनं म्हणाला. शालिकरामनं हात जोडले. हा नसला तर मी पळून जाईन, म्हणाला. संघपाल कुंदनकडं जरा वेळ पाहत राहिला आणि त्यानं दोन खुर्च्या ओढल्या. चहा आला. कुंदनचा अर्धा बशीतच सांडला.

एकेकानं उठून आपली कर्मकहाणी सांगितली. मग शालिकराम उठला. नाव सांगितलं, आणि मी बेवडा आहे, असं म्हणाला. झेंडूच्या पोत्यात बाटली लपवली, ते सांगितलं. स्टँडवर चिखलात पडलो आणि लोक हसले, ते सांगितलं. बारशाला पाहुणे जेवत असताना पाळण्यावर कोसळलो, आणि थांबवायला आलेल्या घरच्या बाईवर हात उचलला, तेही सांगितलं. कुठं अडखळला नाही. फक्त मान वर केली नाही. आयुष्यात इतकी शरम त्याला कधी वाटली नव्हती.

"बस करा, बाबा," कुंदन हळूच म्हणाला.

"लेकरू माघारी आलं पाहिजे," शालिकराम खोलीला म्हणाला. "त्याच्यासाठी सोडाची हाय. दुसरं काही नाही मले." आणि खाली बसला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असतानाच कुंदन उठला आणि त्या थांबल्या तरी उभाच राहिला. सोबतीच्या माणसानं बोलायची गरज नाही, असं संघपाल म्हणाला. कुंदननं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"माहं नाव कुंदन," तो म्हणाला. "यायनं सांगतलं ते समदं खरं हाय. पण ते माहं हाय. माह्या बापानं आजवर थेंबभर दारू तोंडाले लावली नाही."