फ्रान्सचं बूच

लढाईवरून परतलेला जगदेव कारंज्याच्या बाजारात भेटेल त्याला फ्रान्सच्या गोष्टी सांगायचा. तिथले द्राक्षांचे मळे, समुद्राकाठची वाळू, तांबडी दारू! पुरावा म्हणून तिकडच्या बाटलीचं बूच दाखवायचा. नवऱ्याचा जीव तिकडंच अडकला, ही भीती पंचफुलेला पोखरू लागली. सुगी आटोपताच ती त्याला अडाण नदीवर घेऊन गेली. दोघं मनसोक्त पोहली, उबदार वाळूत लोळली. मग तिनं मोहाच्या दारूची बाटली काढली. तोंडाला तेच बूच! “अवं, माहं बूच हाय ते!” “मंग काय देव्हाऱ्यात ठेवू? प्या अन् खरं सांगा, तिथलं बरं का इथलं?” जगदेवनं घोट घेतला. “तिथं तू कुठं होती?” म्हणत त्यानं बूच नदीत भिरकावलं. ते डुलत निघालं. पंचफुला हरखली, मग दचकली. “अवो, आता बाटली घरी कशी नेऊ? इथंच संपवा लागन!”