पहिला की दुसरा?

आमचे हे चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतात. दिवसभर लोकांना एकच विचारायचं, "पहिली काच बरी की दुसरी? पटकन सांगा, फार विचार करू नका." पण स्वतःला फोन घ्यायची वेळ आली तेव्हा गेल्या वर्षीचं मॉडेल घ्यावं की यंदाचं, यावरून तीन आठवडे सगळ्यांचं डोकं उठवलं. दोन्ही फोन दिसायला अगदी जुळे भाऊ!

काल मोबाइलच्या दुकानात उभं राहून राहून माझ्या पायांचे तुकडे पडले, तरी ह्यांचं आपलं सुरूच. "यंदाच्याचे रंग जरा खुललेले वाटतात का गं?"

शेवटी काउंटरवरची मुलगीच पुढे झाली. गेल्याच महिन्यात ह्यांनी माझ्या नव्या चष्म्याबरोबरच तिलाही चष्मा करून दिलेला.

"काका, डोळे मिटा. आता उघडा, हा पहिला. परत मिटा. उघडा, हा दुसरा. पटकन सांगा, फार विचार करू नका."

"दुसरा!" हे ओरडलेच. "केवढा फरक आहे! पहिल्यात अक्षरं किती पुसट होती."

मुलगी खुदकन हसली. "काका, दोन्ही वेळा मी गेल्या वर्षीचाच दाखवला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मात्र जराही ओशाळले नाहीत.

"त्यात काय एवढं? माणूस फारच घोळ घालायला लागला, की आम्हीही तीच काच दोनदा दाखवतो."



त्या मुलीने आणि मी एकदमच आपापला चष्मा काढून हातात घेतला.