चिमणाबाईचं पायताण

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. देवाचं नाव घेऊन झालं, आता त्याच्या एका लेकीची गोष्ट ऐका. लांबवणार नाही.

साल सत्तरच्या आसपासचं. कोल्हापूरच्या कोर्टात पुकारा झाला आणि चिमणाबाई आत आली. पायात करकरीत नवं पायताण. तिच्या नवऱ्यानं, कृष्णातनं, अंथरुणात बसून शिवलेलं. गावभराची पायताणं शिवणारा तो. पण एकदा स्वतः घालून चावडीपुढनं गेला, म्हणून गणपतराव पाटलानं त्याचा पाय मोडला. पोलिसांनी तक्रार घेतली नाही, तेव्हा लालासाब मुलाणी वकिलांनी थेट कोर्टात फिर्याद घातली. कृष्णात अंथरुणाला खिळलेला; त्याच्याशिवाय डोळ्यांनी बघणारी एकटी चिमणाबाईच.

लालासाब सकाळी शाळेत शिकवत, दुपारी कोर्टात उभे राहत. गोरगरीब त्यांना मास्तरच म्हणत. शाळा सुटल्यावर बाकं लावून त्यांनी साक्षीदाराचा पिंजरा केला होता आणि चिमणाबाईला त्यात उभं राहायला शिकवलं होतं. "काय दिसलं ते तुमचं तुम्ही जाणता. मान वर ठेवायची आन् पायताण काढायचं न्हाय, एवढंच मी सांगणार." ती खणखणीत बोलायची. वर हसून म्हणायची, "मास्तर, आता जज्जालाबी शाळंत घालतो बघा!"

आजही ती पायताण वाजवत निम्म्या वाटेपर्यंत आली. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आरोपीच्या पिंजऱ्यातून पाटील खाकरला. नुसता खाकरला.

चिमणाबाई थबकली. वाकली. पायातलं काढून तिनं काखेत मारलं आणि पदर कपाळावर ओढला.

"बाई, कृष्णातला कुणी मारलं?" मास्तरांनी विचारलं.

"मला न्हाय ठावं. मी पाण्याला गेलतो."

त्यांनी पुन्हा विचारलं. जज्जांनी विचारलं. उत्तर तेच, फरशीकडं बघून. पाटलाचा वकील जागचा उठलासुद्धा नाही.

बाहेर पायरीवर ती अनवाणी उभी राहिली. मास्तर कागद गुंडाळत मागनं आले. तीच आधी बोलली.

"रागावू नगासा, मास्तर. तुमच्या शाळंत समदं हुतं की. जज्जाची खुर्ची हुती, पिंजरा हुता. पाटील तेवढा नव्हता."

मास्तरांना वर्गातली ती बाकं दिसली. आणि त्यांच्यासमोरची मोकळी भिंत.

चिमणाबाई एस.टी. स्टँडकडं निघाली. डांबर उन्हानं मऊ झालं होतं. पायताण काखेतच होतं.

मायबाप, देवळाच्या दारात आपण पायातलं काढतो, ते प्रेमानं. उद्या काढाल, तेव्हा घडीभर चिमणाबाईची आठवण ठेवा.