वेनिंगचं मागणं
दिएंगच्या पठारावर धुकं उतरलं तरी अंगण माणसांनी भरलं होतं. वेनिंगच्या तान्हेपणीच गुंतलेल्या जटा आज कापायच्या होत्या. मात्र पोरीनं मागितलेलं दिल्यावाचून कात्री लावली तर जटा पुन्हा उगवतात, तापही जिवावर उठतो. "माग गं, बकरी की सायकल?" पुजाऱ्यांनी विचारलं. "बापाला शेत विकायला लावू नकोस हं," आत्या म्हणाली. "आईची पलंगाखालची निळी बॅग," वेनिंग उत्तरली. "स्वस्तात सुटलास रे, दादा," आत्या हसली. आई मात्र थिजली. उद्या पहाटे बटाट्यांच्या ट्रकमधून ती कुणालाही न सांगता कायमची डोंगर उतरणार होती. बॅगेतले कपडे तिनं पुन्हा खुंटीवर टांगले. रिकामी बॅग लेकीच्या मांडीवर ठेवली. कात्री चालली. "आता ही माझी," वेनिंग कुजबुजली, "तू हात लावायचा नाहीस." ओढ्यात सोडलेल्या जटा तेवढ्या समुद्राकडे निघून गेल्या.