दुपारची सोबत

आजींचा लॅपटॉप तिसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने कपाळाला हात लावला. त्याच्याकडे तो दिवसभर निमूट चालायचा आणि घरी गेला, की रोज दुपारी अर्ध्या तासात आपोआप बंद पडायचा. शेवटी दुरुस्तीवालाच आजींच्या घरी गेला.

“रोज वापरता तसाच वापरून दाखवा.”

आजी जरा संकोचल्या. मग त्यांनी लॅपटॉप पलंगावर, शेजारच्या उशीवर ठेवला आणि दूरच्या शहरात एकटीच राहणाऱ्या थोरल्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला.

“जेवलीस का गं?” ताईने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तिकडे उशीला डोकं टेकून डोळे मिटले.

“किती वेळ बोलता?”

“बोलतो कुठे? झोपतो. एकेकटीला डोळा लागत नाही रे. पण हा मेला मध्येच बंद पडतो, आणि मला काही झालं की काय म्हणून ती तिकडे घाबरी होते.”

“उशीत हवा कोंडते आजी, म्हणून तापतो. खाली लाकडी फळी ठेवा, वारा मोकळा लागू द्या.”

आजींनी मान डोलावली. तेवढ्यात ताई कुशीवर वळली, आणि आजींनी पायथ्याची चादर ओढून लॅपटॉपवर, पडद्यातल्या ताईच्या हनुवटीपर्यंत घातली.

“अहो, हे काय?” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“पंखा चालू आहे ना. तिला वारा सोसत नाही.”